त्यांचे पॉइंट, आमचे पॉइंट

२०२२ च्या ऑगस्टमध्ये मी लेकीकडे शिकागोला गेले होते. तिनं माझ्यासाठी छान बेत आखून ठेवला होता. 'कॅलिफोर्निया झेफर' या गाडीनं शिकागोहून थेट सॅन फ्रान्सिस्कोजवळ जायचं. जवळजवळ चार हजार किलोमीटर, दोन रात्री गाडीत, वाटेत रॉकी पर्वत. आणि तिकिटाला पैसेच नाहीत! ॲमट्रॅक ही तिथली प्रवासी रेल्वे. तिच्या गाड्यांनी नेहमी फिरणाऱ्याच्या नावावर पॉइंट साठतात आणि त्या पॉइंटांवर तिकीट मिळतं. आपण नाही का चहाच्या पुड्यातली कुपनं साठवून स्टीलचा डबा आणायचो, त्यातलाच प्रकार.

आमची तारीख होती १६ सप्टेंबर. आणि नेमक्या मालगाडी कामगारांच्या संपाच्या बातम्या सुरू झाल्या.

"आई, रद्द करूया का गं?"

"अगं, पण संप झालाच नाही तर?"

दोन दिवस आमचं हेच चाललं होतं. वाटेत कुठे डोंगरात अडकलो तर माझे गुडघे, बीपीच्या गोळ्या, सगळंच आलं. शेवटी ११ तारखेला लेकीनं तिकीट रद्द केलं. पॉइंट खात्यात परत आले. दुसऱ्याच दिवशी ॲमट्रॅकनं आमच्या गाडीसह शिकागोहून पश्चिमेकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या १३ तारखेपासून थांबवत असल्याचं जाहीर केलं. आणि १५ ला पहाटे बातमी आली, समझोता झाला, संप टळला! मी हळहळले. संप झालाच नाही आणि रॉकी पर्वत मात्र हुकला.

पण मला एक कोडं पडलं होतं. संप मालगाडीवाल्यांचा, मग प्रवासी गाडी का थांबायची? त्याचं उत्तर रुळांत आहे. बोस्टन ते वॉशिंग्टन हा पट्टा सोडला, तर ॲमट्रॅकच्या गाड्या बहुतेक ठिकाणी मालगाडी कंपन्यांच्या रुळांवरून धावतात. तिथले सिग्नल सांभाळणारे, गाड्यांना वाट देणारे कामावर आले नाहीत, तर प्रवासी गाडीही जागच्या जागी उभी. दोन रात्रींचा प्रवास मध्येच तुटू नये, म्हणून आधीच गाड्या बंद केल्या.

मग लेकीनं कामगारांच्या मागण्या वाचून दाखवल्या आणि मी गप्पच झाले. भांडण निव्वळ पगाराचं नव्हतं. पगार पाच वर्षांत मिळून २४ टक्के वाढणार होता. सव्वा लाखाच्या आसपास कामगार, पण बहुतेकांना आजारपणाची एकही पगारी रजा नव्हती. गाडी चालवणाऱ्यांना तर केव्हाही बोलावणं यायचं. बीएनएसएफ नावाच्या कंपनीनं फेब्रुवारी २०२२ पासून नियम केला होता : प्रत्येकाला ३० पॉइंट. बोलावल्यावर आला नाहीत, की पॉइंट कापणार. संपले की कारवाई. सलग १४ दिवस हजर राहिलात, तर चार परत मिळणार. कंपनी म्हणे, गाड्या सोडायला माणसं हाताशी हवीत. पण त्याआधीच्या काही वर्षांत या कंपन्यांनी माणसं किती कमी केली होती, ते कोण सांगणार?

आणि आमची झेफर शिकागो ते डेन्व्हर याच कंपनीच्या रुळांवरून जाते. म्हणजे लेकीचे पॉइंट साठत होते ते प्रवासासाठी, आणि त्याच वाटेवरच्या ड्रायव्हरचे पॉइंट कापले जात होते ते घरी थांबला म्हणून.

समझोत्यात डॉक्टरकडे जायला बिनपगारी सुट्टी मिळाली, पगारी एकच दिवस वाढला. बारांपैकी चार संघटनांच्या सभासदांनी तो नाकारला. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकी संसदेनं कायदा करून तो सगळ्यांवर लादला. सात दिवसांच्या पगारी आजारी-रजेचा प्रस्ताव सिनेटमध्ये पडला. २०२३ मध्ये मात्र मोठ्या कंपन्या एकेक करून काही दिवसांची पगारी रजा द्यायला तयार झाल्या. संप झाला नाही, पण हाक वाया गेली नाही.

आपल्याला हे परकं नाही. २०२१ च्या दिवाळीत सुरू झालेला एसटीचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. मुलींकडे शाळेचा अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास होता, पण बसच नव्हती. पास काय आणि पॉइंट काय, चाक फिरलं तरच खरे. तेव्हा मीही म्हणाले होते, "यांना प्रवाशांची काही पडलेलीच नाही." कंडक्टरचा पगार किती, तो वेळेवर होतो का, हे विचारायला मी कधी थांबले नव्हते.

जाता जाता एक कामाचं. गाडी रद्द होईल या धास्तीनं आपण आधीच तिकीट रद्द केलं, तर आपल्याकडे पैसे कापले जातात. रेल्वेनं स्वतः गाडी रद्द केली, तर पूर्ण भाडं परत मिळतं. ऑनलाइन तिकिटाचं खात्यात जमा होतं, खिडकीवरच्या तिकिटासाठी स्टेशनवर जावं लागतं. म्हणून घाई करू नका. पण सोबत लहान मूल किंवा आजारी माणूस असेल, तर कापले गेलेले पैसे परवडतात, वाटेत अडकणं परवडत नाही.

आणि आता आपल्या घराकडे बघू. आपल्याकडे भांडी घासायला येणारी बाई ताप आल्यावर घरी राहिली, तर आपण खाडा धरतो की नाही? परतल्यावर मी माझ्या कॅलेंडरवरच्या फुल्या मोजल्या. बहुतेक आजारपणाच्याच निघाल्या. त्या महिन्यापासून मी त्या मांडणं बंद केलंय.