मँडरिन शिकायचीय? आधी मराठीत विचार करा

२०२५च्या जुलैमध्ये भारताने चिनी पर्यटकांना पुन्हा व्हिसा द्यायला सुरुवात केली, ऑक्टोबरात कोलकाता-ग्वांगझू थेट विमानही उडालं. संबंध खरंच सुधारतायत का, ते तज्ज्ञ सांगतील. पण ये-जा वाढली तर दुभाषे लागणार, आणि ते कुठून येणार? २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळांसाठी सुचवलेल्या परदेशी भाषांत कोरियन आहे, थाई आहे, पोर्तुगीजही आहे. मसुद्यातली चिनी मात्र अंतिम यादीतून गायब झाली. मग उरले ऑनलाइन क्लास आणि मोबाइलमधली ॲप्स. तिथे सातारा-सांगलीकडच्या आपल्यासारख्यांची गोची होते, कारण शिकवणं बहुतेक इंग्रजीतून. ज्याचं इंग्रजी कच्चं त्याने मँडरिनचा नाद करू नये, असं मलाही वाटायचं.

आता हे बघा. ‘मी काल घेतलेलं पुस्तक.’ मँडरिनमध्ये ‘वो चुओथिएन माय द शू’. वो म्हणजे मी, चुओथिएन काल, माय विकत घेणं, ‘द’ आपल्या ‘लेलं’च्या जागी, शू पुस्तक. क्रम अगदी तोच! इंग्रजीत मात्र पुस्तक आधी आणि ‘काल’ शेवटी. ‘येतोस का?’मधला ‘का’ आपण शेवटी लावतो, ते ‘मा’ लावतात. ‘डू’ की ‘डज’ ही भानगडच नाही. ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ आपल्याकडे नाहीत, त्यांच्याकडेही नाहीत.

सगळंच जुळतं असं नाही हां. ‘मी चहा पितो’चं होतं ‘वो ह छा’, क्रियापद मध्ये. इथे इंग्रजीची सवय कामाला येते. (चहा हा शब्द मुळात त्यांचाच.)

‘मँडरिनला व्याकरणच नाही’ असं सर्रास सांगतात, त्यावर जाऊ नका. लिंग नाही, काळाप्रमाणे क्रियापद बदलत नाही, हे खरं. पण काम पूर्ण झाल्याचा ‘ल’ असतो. इंग्रजीतून शिकणारा त्याला भूतकाळ समजतो आणि कालच्या प्रत्येक वाक्याला चिकटवतो. आपण तर ‘उद्या जेवण झालं की निघू’ म्हणतो. गोष्ट उद्याची, तरी ‘झालं’! तो ‘ल’ साधारण असाच वागतो.

मोजतानाही तेच. आपण ‘तीन जण’, ‘मेथीच्या दोन जुड्या’ म्हणतो; तिकडे जवळजवळ प्रत्येक नामाला असा शब्द लागतो. माणसाला ‘ग’, पुस्तकाला ‘पन’, कागदाला ‘चांग’. हे पाठच करावं लागतं. सुरांनाही शॉर्टकट नाही: एका सुरात ‘मा’ म्हणजे आई, दुसऱ्यात घोडा.

१९३८ला चीनला गेलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिथे राहून चिनी शिकले. १९५४च्या नेहरूंच्या चीन दौऱ्यात दुभाषे होते वसंत परांजपे, तेही मराठीच. माझ्या ऑनलाइन क्लासमध्ये मात्र प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत करायला लावायचे. महिनाभर मी तेच केलं, मग वहीत मराठीचा तिसरा रकाना आखला. आता इंग्रजीचा रकाना बऱ्याचदा रिकामाच राहतो.