सिंहासनाला आधार कोणाचा?

रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला जिजाबाईंची समाधी आहे. ६ जून १६७४ रोजी गडावर राज्याभिषेक झाला आणि अवघ्या अकरा दिवसांनी त्यांनी पाचाडला देह ठेवला. त्या सोहळ्याविषयी लिहिताना गागाभट्टांचे पांडित्य आणि क्षत्रियत्वाचा निर्वाळा यांवर पानेच्या पाने खर्ची पडतात. राज्य करण्याचा अधिकार शास्त्र देते, हे जणू गृहीतच असते.

परंतु त्याच राज्यात दुसरे उत्तरही होते. राज्याभिषेकापूर्वी चिपळूणजवळच्या लष्करी तळावरील अधिकाऱ्यांना महाराजांनी पाठविलेले पत्र कार्यकर्त्यांनी अवश्य वाचावे. पावसाळ्याची बेगमी आधीच उधळून मग कुणब्यांच्या घरून दाणे, गवत, भाजीपाला उचलू लागलात, तर मोगलांपेक्षाही हे वाईट असा तळतळाट होईल, असा त्याचा आशय आहे. आपले राज्य मोजण्याचे माप राजा येथे रयतेच्या हाती देतो.

हेच माप चीनमध्ये मेन्शियसने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात तत्त्वरूपाने मांडले होते. राजा स्वर्गाच्या आदेशाने राज्य करतो, ही तेथील जुनी समजूत. त्यावर मेन्शियसचे म्हणणे असे की, स्वर्ग बोलत नाही. त्याचा कौल लोकांच्या स्वीकारातूनच कळतो. जुलमी राजाचा वध त्याच्या लेखी राजहत्या नव्हती, कारण राजेपण त्याने आधीच गमावलेले असते. उपजीविकेची शाश्वती नसलेल्यांना गुन्ह्याकडे ढकलून मग शिक्षा करणे म्हणजे प्रजेसाठी जाळे लावणे होय, असेही त्याने राजांना सुनावले. मिंग घराण्याचा संस्थापक गरीब शेतकऱ्याचा मुलगा, बंडातूनच वर आलेला. पण १३९४ मध्ये त्यानेच या ग्रंथातील ऐंशीहून अधिक उतारे गाळावयास लावले. सत्ताधाऱ्यांची ही रीत आपल्याला अपरिचित नाही!

तरीही मेन्शियसजवळ सभा नाही, मतदान नाही. लोकांचा कौल राजानेच ओळखावयाचा. न ओळखल्यास प्रजेने गाव सोडावे किंवा बंडाची वाट पाहावी. कोकणातल्या कुणब्यापुढेही परागंदा होण्याखेरीज दुसरा कोणता मार्ग होता?

आणि ‘लोक’ म्हणजे तरी कोण? पाचाडहून जवळच असलेल्या महाडला नगरपालिकेने चवदार तळे १९२४ मध्येच ठरावाने सर्वांना खुले केले होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांनी तेथे प्रत्यक्ष पाणी घेतले, तेव्हा गावातील सवर्ण जमाव त्यांच्यावर चालून गेला; पुढे ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठरावही रद्द केला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागण्यास १९३७ साल उजाडावे लागले.