रूप, साचा आणि प्रपत्र

सरकारी कचेरीत ‘विहित प्रपत्रात अर्ज करावा’ अशी सूचना लागते आणि रांगेतला माणूस शेजाऱ्याला विचारतो, ‘फॉर्म कुठं मिळतो?’ हे अंतर केवळ भाषाशुद्धीचे आहे काय?

‘फॉर्म’चे मूळ लॅटिन ‘फोर्मा’. आकृती, साचा, नाण्याचा ठसा हे त्याचे अर्थ होत. ग्रीक ‘मॉर्फे’ त्याचा आप्त असावा असा काही पंडितांचा तर्क आहे. तो वाद पंडितांकडेच राहू द्यावा. मौज अशी की, ‘रूपा’चे नातेही ठशाशीच आहे. ‘रूप’पासून ‘रूप्य’ साधताना पाणिनीने ठसा उठविल्याचा अर्थ नोंदविला. आपला रुपया हा त्याच ‘रूप्या’चा वंशज.

आमच्या कारागिरांनी परका शब्द परका म्हणून नाकारला नाही. छापखान्यात तो ‘फर्मा’ झाला आणि गिरगावातल्या प्रकाशकांनी पुस्तके फर्म्यांत मोजली. लालबाग-परळचा ‘साचा’ तर दोन धंद्यांचा धनी. मूर्तिशाळेत साचा गणपतीचा. गिरणीत मात्र साचा म्हणजे माग, विणाईचे खाते ते साचेखाते आणि विणकर तो साचेवाला! या साचेवाल्याच्या गावच्या जमिनीचा उतारा म्हणजे सातबारा. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांवरून हे नाव पडले. ‘नमुना’ मूळचा फारसी. पण महसूल खात्याने तो ठेवला म्हणून मराठीचे काही बिघडले नाही.

18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला आणि साचे थांबले. पुढे गिरण्यांच्या जागी मनोरे उठले. कामगारांच्या वाट्याला घरांची आशा आली, तीही अर्जाच्या रूपाने. जून 2012 मध्ये म्हाडाने 6,925 घरांची सोडत काढली. अर्जदार लाखाहून अधिक होते. गिरणीचे नाव, तिकीट नंबर, नोकरीचा पुरावा, कामगार हयात नसल्यास वारसाचा दाखला हे सारे जुळवीत म्हातारी माणसे फिरली. अशा कागदाच्या माथ्यावर ‘प्रपत्र’ लिहिणे व्याकरणाने निर्दोष ठरेल. ‘फॉर्म’च लिहा, असा आमचा हट्ट नाही, ‘नमुना’ घरचा आहे, तो चालेल. पण साचेखात्यात हयात घालविलेल्या माणसाला आपलाच अर्ज दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, आणि वाचून देणारा त्याचे पैसे मागतो.