छातीवरचा बिल्ला आणि नोंदवहीबाहेरची माणसे

१/
नायगावसारख्या तालुक्याच्या गावी एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाच्या छातीवर एक लहानसा बिल्ला असतो. निदान असायला हवा. त्याचे नाव टीएलडी बॅज. महाराष्ट्राचा अणुइतिहास ४ ऑगस्ट १९५६ ला ट्रॉम्बेत सुरू झालेल्या ‘अप्सरा’ अणुभट्टीपासून सांगितला जातो. त्याच इतिहासाची दुर्लक्षित बाजू या बिल्ल्यात आहे.

२/
आरंभी छायाचित्रणाच्या फिल्मचे बिल्ले वापरत. १९७५ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेला टीएलडी बॅज रुळला. त्यात कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. किरणांची ऊर्जा त्या साठवून ठेवतात. प्रयोगशाळेत तापवल्या की तीच ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. जितका प्रकाश, तितकी मात्रा.

३/
पण बिल्ला म्हणजे ढाल नव्हे. तो घडून गेलेल्या गोष्टीचा साक्षीदार. खरे संरक्षण तीन गोष्टींत: कमी वेळ, जास्त अंतर, मध्ये शिसे किंवा काँक्रीटचा आडोसा. स्रोत लहान असेल तर अंतर दुप्पट करताच मात्रा चौथाईवर येते. बिल्ला टेबलाच्या खणात ठेवून काम केले तर हा साक्षीदारही मुका होतो.

४/
भारतात कामगारासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३०. ही ‘इतके चालते’ अशी परवानगी समजणे हीच मोठी चूक. मात्रा शक्य तितकी कमी ठेवणे, हा मूळ नियम.

५/
एक्स-रे यंत्र बंद केले की किरण थांबतात. कोबाल्ट-६० ला बटण नसते. दिल्ली विद्यापीठात १९८५ पासून पडून असलेले असे एक उपकरण २०१० मध्ये लिलावात भंगार म्हणून विकले गेले. कोबाल्टचा अर्धायुकाल सव्वापाच वर्षांचा. म्हणजे २५ वर्षांत त्याची तीव्रता सुमारे सत्ताविसाव्या हिश्श्यावर आली होती. मायापुरीच्या भंगार बाजारात तेवढ्यानेही एका कामगाराचा जीव घेतला आणि अनेकांना रुग्णालयात नेले.

६/
त्यांच्यापैकी कुणाच्या छातीवर बिल्ला नव्हता. ते ‘किरणोत्सर्गी कामगार’ नव्हतेच, भंगारवाले होते. व्यवस्था नोंदवहीत नाव असलेल्यांना जपते. तिची कसोटी मात्र नाव नसलेल्यांपाशी लागते.

७/
तालुक्याच्या एक्स-रे खोलीतही हाच प्रश्न उभा आहे. रडणारे मूल धरून ठेवायला ज्या सेवकाला पुन्हा पुन्हा आत बोलावले जाते, त्याला शिशाचा एप्रन मिळतो का? बिल्ला नसेल, तर त्याची मात्रा कोणत्याच वहीत जमा होत नाही.