पेट स्कॅन म्हणजे जन्मपत्रिका नव्हे



पेट स्कॅन केला की तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण किती जगेल ते कळते, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे अर्धेच खरे आहे.

या तपासणीत किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात. कर्करोगाच्या हावऱ्या पेशी ती ओढून घेतात आणि चित्रात उजळतात. उजळण्यावरून धोक्याचा अंदाज बांधता येतो. पण संसर्ग, सूज आणि नुकतेच किरणोपचार झालेली जागाही उजळते. म्हणून उपचारांनंतर साधारण 12 आठवडे थांबतात. ब्रिटनमधील 564 रुग्णांच्या अभ्यासात (2016) असे थांबून स्कॅन केल्यावर बहुतेकांची मानेची शस्त्रक्रिया टळली, जगण्याचे प्रमाण घटले नाही. मात्र ते रुग्ण मुख्यतः घशाच्या कर्करोगाचे होते. आमच्या भंडारा जिल्ह्याचे दुखणे गालातल्या कर्करोगाचे.

इथे पानठेल्यावर पन्नीत घोटलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा मिळतो. तो खाऊन तोंड उघडेनासे झाले, तीन आठवडे व्रण भरला नाही, तर आधी लागतात ते टॉर्च आणि बायोप्सी.

रुग्ण किती जगेल हे उपचारांवरही ठरते; मुंबईच्या टाटा रुग्णालयाचा 2015 चा अभ्यास पत्रलेखकाने पाहावा: तोंडाचा कर्करोग सुरुवातीचा असतानाच मानेतील लसीकाग्रंथीही काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी 80 टक्के हयात होते, गाठ दिसेपर्यंत मानेला हात न लावलेल्यांपैकी 67.5 टक्के.

— एक वाचक, साकोली