गाढवाच्या पाठीवरचे व्रण कोणाचे?

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांची संपत्ती कोणती असावी हे ठरवून दिले आहे. कुत्री आणि गाढवे! बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्या ग्रंथाचे दहन झाले, तरी व्यवहारातून हा नियम अजून पुसलेला नाही. आज गाढव कोणाच्या दारात बांधलेले दिसते? वडार, कैकाडी, बेलदार, कुंभार यांच्या. पौष पौर्णिमेला जेजुरीला गाढवांचा बाजार भरतो, तेथे जाऊन कोणीही पाहावे. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'मध्ये गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव हिंडणारे कुटुंब आपण वाचले. ते गाढव आता वीटभट्टीवर आहे.

पावसाळा सरला की गाढववाला भट्टीमालकाकडून उचल घेतो आणि हंगामभर बांधला जातो. मजुरी हजार विटांच्या हिशेबाने. उचल फेडायची तर खेपा वाढवा, नाहीतर खेपेला विटा वाढवा. मग पाठीला व्रण पडतात, त्यावर पोते टाकून पुन्हा विटा लादल्या जातात. नाकपुड्या चिरल्या की गाढवाला दम लागत नाही, अशीही एक समजूत आहे. ती साफ खोटी आहे आणि हे वस्तीत जाऊन आपल्याच कार्यकर्त्यांनी सांगितले पाहिजे. बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे, ती केवळ म्हणण्यापुरती नाही.

कायदा आहे. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याखालचे १९६५ चे नियम. गाढवाच्या पाठीवर ५० किलोहून अधिक ओझे नको, म्हणजे तीन किलोची वीट धरली तर सोळा. दिवसाला नऊ तासांहून अधिक काम नको. पारा ३७ अंशांच्या वर गेला तर दुपारी १२ ते ३ काम बंद. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोणत्या भट्टीवर एप्रिलमध्ये हे पाळले जाते? आणि कारवाई झालीच तर सापडतो तो दोर धरणारा. उचल देऊन खेपा वाढवायला लावणारा मालक नामानिराळा!

राज्य शासनाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केले. गोशाळेतल्या देशी गाईमागे दिवसाला ५० रुपये अनुदानही मंजूर केले. आमचे गाईशी भांडण नाही. पण भटक्या-विमुक्तांच्या पोटासाठी राबणाऱ्या जनावराला धनुर्वाताची एक लस वेळेवर का मिळू नये? २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातली गाढवे ६१ टक्क्यांनी घटली, उरली सव्वा लाखाच्या आत. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडे, गाढवे, खेचरे, उंट घेतले. उद्योगासाठी ५० टक्के भांडवली अनुदान, कमाल ५० लाख. ज्याच्या खिशात उरलेले ५० टक्के आहेत त्याच्यासाठी ही योजना! पालात राहणाऱ्याने तिकडे बघायचे कशाला?

आमची मागणी साधी आहे. भट्टीला परवानगी देतानाच जनावरांसाठी पाणी, सावली आणि दुपारची सुट्टी यांची जबाबदारी मालकावर लेखी टाकावी. सोळा विटांच्या खेपेवर पोट भरेल असा मजुरीचा दर ठरवावा. पशुवैद्यकीय दवाखान्याने महिन्यातून एकदा भट्टीवर यावे. पुढचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होईल. त्याआधी तालुक्या-तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी तहसीलदारांना निवेदने द्यावीत आणि ती देताना गाढववाल्यांना पुढे उभे करावे.