न जुळणारी नोंद

पाय मोडला तर प्लॅस्टर दिसतं, ताप आला तर थर्मामीटर साक्ष देतो. पण कानात अहोरात्र रातकिडे किरकिरत असतील तर साक्षीदार कुठून आणायचा? घरचे म्हणतात, "आम्हाला तर काहीच ऐकू येत नाही!" आणि ते खरंच बोलत असतात.

आयुर्वेदातला हा कर्णनाद, डॉक्टरांचा टिनिटस. माझ्या दोन्ही कानांत तो सहा वर्षं मुक्कामाला आहे. थेंब, गोळ्या, तपासण्या, सगळं झालं. त्याचं कारण बहुतेक संशोधक सांगतात ते असं : अंतर्कर्णात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. वयानं किंवा गोंगाटानं त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. तिकडून येणारे संदेश रोडावले की मेंदू आपलं बटण मोठं करतो. रेडिओचं स्टेशन नीट लागलं नाही की खरखर वाढते, तसंच. अशा आवाजाला कानात गरम तेल ओतून काय होणार?

मात्र 'बरं होणार नाही' आणि 'काहीच करता येणार नाही' ही दोन वाक्यं एक नव्हेत. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्रानं अनेकांना आराम पडतो. रात्रीच्या शांततेत आवाज चढतो, तेव्हा पंख्याची घरघर किंवा मंद रेडिओ सोबतीला येतो. मानसोपचारातल्या काही पद्धतींनी आवाज जात नाही, पण त्याचा जाच कमी होतो. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यावर येत असेल किंवा अचानक ऐकू येईनासं झालं असेल, तर मात्र विनाविलंब डॉक्टर गाठावा.

बँकेत दिवसाअखेर एखादी रक्कम जुळायची नाही. ती सस्पेन्स खात्यात टाकून आम्ही कामकाज संपवत असू. नोंद नाकारायची नाही आणि तिच्यापायी शाखाही बंद ठेवायची नाही, हा त्यातला व्यवहार. दुखण्यालाही तोच लागू पडतो.

बीथोव्हननं १८०१ साली एका डॉक्टर मित्राला आपल्या कानातल्या अखंड गुणगुणीबद्दल लिहिलं. बहिरेपण लोकांना कळेल या धास्तीनं तो माणसं टाळू लागला होता. व्याधीहून हे लपवणंच अधिक एकटं पाडतं.

म्हणून घरच्यांना एकच सांगणं. "मनाचे खेळ आहेत" असं म्हणू नका. रोज सकाळी "आज कमी आहे का हो?" असंही विचारू नका, त्या प्रश्नासरशी विसरलेला आवाज पुन्हा जागा होतो. दिवाणखान्यातला टीव्ही जरा हळू करा, समोर बसून बोला, आणि पत्त्यांचा डाव मांडला की आम्हालाही हाक मारा. चार पानं पिसेपर्यंत रातकिडे कुठं गेले, ते आमच्याही ध्यानात राहत नाही.